आठ पानांची चांदी

माझं माहेर हुपरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावात चांदीचं काम नाही अशी गल्ली सापडणं कठीण. मामाचा पैंजणांचा कारखाना घराच्या मागच्याच खोल्यांत होता, त्यामुळे टंच (धातूची शुद्धता), आटणी (वितळवणं), मोड (जुना-तुटका माल), घडणावळ (घडवण्याची मजुरी) हे शब्द शाळेच्या पाढ्यांबरोबरच कानावर पडले. तरीही मॅसॅच्युसेट्समध्ये बारा वर्षं राहून पहिल्यांदा जुन्या अमेरिकन चांदीचा चमचा हातात घेतला, तेव्हा मला त्यावरचं काहीही वाचता आलं नाही. त्यानंतर सव्वादोन वर्षांत एकाच नक्षीची आठ पानं, म्हणजे आठ माणसांच्या जेवणाचे चांदीचे काटे-चमचे-सुऱ्या, पूर्ण केली, दुरुस्ती करून घेतली, मूल्यांकन आणि विमाही झाला. या वाटेवर कुठे अडले आणि किती पैसे गेले ते लिहून ठेवते. मला सुरुवातीला हे कुणी मराठीत सांगायला हवं होतं.

सुरुवात ऑक्टोबर २०२१ मधली. आमच्या भागात घरमालक वारले किंवा वृद्धाश्रमात गेले की घरातलं सगळं सामान त्याच घरात मांडून विकतात. त्याला इस्टेट सेल म्हणतात. दार नऊला उघडतं, पण सात वाजल्यापासून दारावर एक कागद लटकत असतो. त्यावर नाव लिहायचं, नंबर घ्यायचा आणि गाडीत बसून राहायचं. माझा नंबर ३८ होता. आत गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावरची चांदी निम्मी संपली होती. कोपऱ्यात एक व्यापारी खिशातला छोटा वजनकाटा काढून झिपच्या पिशवीतले काटे-चमचे मूठ-मूठ तोलत होता. नक्षीकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी विचारलं, याचं काय करणार? त्याने सरळ सांगितलं, सोमवारी रिफायनरीकडे जाणार.

म्हणजे आटणी. तो शब्द इंग्रजीतून ऐकला आणि पोटात खड्डा पडला. मामाकडेही मोड यायची, तुटके पैंजण, झिजलेल्या तोरड्या. पण त्या झिजलेल्या असायच्या. हे चमचे धडधाकट होते.

पिशवीबाहेर एक चहाचा चमचा राहिला होता, तो मी २२ डॉलरला घेतला. दांड्याच्या टोकाला पानांची वेलांटी वळून आलेली, दोन्ही कडा किंचित उचललेल्या. मागे तीन बारीक ठसे: एक सिंह, एक जहाजाचा नांगर, एक जुन्या वळणाचा जी. पुढे स्टर्लिंग. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, ३० ग्रॅम भरला. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टंच, म्हणजे शुद्ध चांदी पावणेअठ्ठावीस ग्रॅम. तेव्हा चांदी एका ट्रॉय औंसाला २४ डॉलरच्या आसपास होती आणि ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. हिशेब केला तर २१ डॉलर आणि काही सेंट. म्हणजे घडणावळीचे मी एक डॉलरसुद्धा दिले नव्हते. (स्वयंपाकघरातल्या काट्यावर जो औंस असतो तो २८.३५ ग्रॅमचा. दोन औंसांची गल्लत झाली की हिशेब दहा टक्के चुकतो. सरळ ग्रॅममध्येच मोजा.)

नक्षीचं नाव शोधायला तीन रात्री गेल्या. ती निघाली शँटिली. रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या गोरम कंपनीने ती १८९५ मध्ये काढली. रेखाटन विल्यम कॉडमन या इंग्लंडहून आलेल्या कलाकाराचं. अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलेल्या नक्ष्यांमध्ये तिची गणना होते, आणि नवशिक्याने तीच धरावी असं मी आता कुणालाही सांगेन, कारण सुटे नग मिळत राहतात. तेव्हा मात्र हे ठाऊक नव्हतं. चमचा हाताला बरा वाटला, एवढंच.

नोव्हेंबरमध्ये पहिली मोठी चूक झाली. इंटरनेटवर २४ नगांचा डबा दिसला, मागे १८४७ असा ठसा. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची चांदी ८५ डॉलरला! लगेच घेतला. आला तेव्हा काट्यांच्या दातांच्या टोकांवर पिवळट धातू दिसत होता. १८४७ हे बनवल्याचं साल नव्हतंच. १८४७ रॉजर्स ब्रदर्स हे व्यापारी नाव आहे, आणि ते चांदीचं पाणी दिलेल्या मालावर नंतर कित्येक दशकं छापलं जात होतं. विकणाऱ्याने कुठेही स्टर्लिंग म्हटलं नव्हतं, मीच ते गृहीत धरलं होतं. त्या रात्री मला रडू आलं. पैशांपेक्षा जास्त टोचलं ते हुपरीच्या मुलीला चांदी आणि मुलामा यांतला फरक कळू नये याचं.

पण फसण्याचं खरं कारण पुढे कळलं आणि ते सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं सरकारमान्य कचेरी टंच तपासून सिंहाचा ठसा मारते. अमेरिकेत देशभर तशी व्यवस्था कधी उभीच राहिली नाही. बाल्टिमोर शहरात १८१४ ते १८३० एवढी वर्षं तपासणी कचेरी होती, तेवढीच. बाकी सगळीकडे ठसा बनवणाऱ्याचाच. सुरुवातीचे कारागीर नाणी आटवून भांडी घडवत, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मालावर कॉइन असं लिहिलेलं सापडतं. ते साधारण ९० टंच. टिफनीने १८५१ मध्ये स्टर्लिंग धरलं, गोरमने १८६८ मध्ये, आणि मग बाकीच्यांनी. ठशाबद्दल देशाचा कायदा व्हायला १९०६ उजाडलं. त्यामुळे सिंह दिसला म्हणजे चांदी, असं इथे नाही. मुलामा देणाऱ्या काही कंपन्यांचे ठसे मुद्दाम इंग्लिश ठशांसारखे दिसतात. ए-वन, ईपीएनएस, ट्रिपल किंवा क्वाड्रुपल प्लेट असं दिसलं तर तो मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. सगळ्यांत अवघड स्टर्लिंग इनलेड: शब्द स्टर्लिंग, पण चमचा मुलाम्याचा आणि फक्त घासला जाणाऱ्या जागी चांदीचा तुकडा बसवलेला.

तो हिवाळा मी विकत काही घेतलं नाही. फक्त पाहिलं. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये पॉल रिव्हिअर या चांदी-कारागिराने १७६८ मध्ये सन्स ऑफ लिबर्टी या ब्रिटिशविरोधी गटासाठी घडवलेला कटोरा आहे. ब्रिटिश राजाचा हुकूम न मानता करांविरुद्धचं पत्रक मागे घ्यायला नकार देणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या ९२ प्रतिनिधींच्या सन्मानार्थ तो केला. १९४९ मध्ये संग्रहालयाने तो घेतला तेव्हा वर्गणीत शाळकरी मुलांचे पैसेही होते. कटोऱ्याला नक्षी जवळजवळ नाही. साधा, भरीव, आपल्या देवघरातल्या मोठ्या वाटीसारखा. शेजारच्या कपाटात पॉरिंजर होते: उथळ वाटी आणि एका बाजूला जाळीचा चपटा कान. त्या काळी इथली माणसं बाळाला ही वाटी भेट देत. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. उष्टावणाची चांदीची वाटी मला फक्त आपली वाटत होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या रिझडी, म्हणजे रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या, संग्रहालयात गेले. गोरमची चांदी पाहायची तर तिथेच. शिकागोच्या फर्बर कुटुंबासाठी गोरमने १८६६ ते १८८० या काळात ८१६ नगांचा संच केला होता, तो यांच्याकडे आहे. ८१६! नेवाडात १८५९ मध्ये कॉमस्टॉकची खाण लागली, चांदी स्वस्त झाली आणि श्रीमंतांच्या टेबलावर प्रत्येक घासाला वेगळं हत्यार आलं. ऑयस्टरचा काटा, स्ट्रॉबेरीचा काटा, आइस्क्रीमचा काटा, सार्डिन उचलायचं चपटं पातं, काकडीसाठी एक, टोमॅटोसाठी एक, बटाट्याच्या वेफर्ससाठीसुद्धा जाळीचा डाव. १९२० च्या दशकात हर्बर्ट हूव्हर व्यापारमंत्री असताना, नव्या नक्षीत ५५ पेक्षा जास्त प्रकार काढू नयेत अशी शिफारस करावी लागली. हे वाचून माझी भीती निम्मी गेली. सगळं जमवायचं नव्हतंच. मी वहीत लिहिलं: शँटिली, आठ पानं, प्रत्येक पानाला एक काटा, एक सॅलडचा काटा, एक सुरी, एक सूपचा चमचा, दोन चहाचे चमचे. वाढायला तीन डाव. एकूण ५१ नग. जमवण्याआधी यादी करा आणि ती मोडू नका.

मार्चमध्ये एका स्थानिक लिलावगृहाच्या यादीत लाकडी पेटीतला अर्धवट शँटिली संच आला, ४१ नग. नावनोंदणीला ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड लागलं. आदल्या दिवशी माल पाहता येतो, तो दिवस चुकवू नका. मी भिंग, काटा आणि लोहचुंबक घेऊन गेले. चुंबकाला चांदी चिकटत नाही, पण तांबं-पितळही चिकटत नाही, म्हणून त्याचा भरवसा फक्त पोलाद पकडण्यापुरता. प्रत्येक नगाचा ठसा पाहिला. जुन्या नगांवर सिंह-नांगर-जी, नंतरच्यांवर कंपनीचं नाव अक्षरांत. सुऱ्या वजनात धरायच्या नाहीत हे तिथल्या एका वयस्क ग्राहकबाईंनी सांगितलं: मूठ पोकळ चांदीची, आत भरण, पातं पोलादाचं. त्यांनीच शेजारच्या मेणबत्तीच्या दाणीचा तळ उलटून दाखवला. वेटेड, म्हणजे आत जड भरण घातलेली, असं लिहिलं होतं. हाताला किलोभर लागणाऱ्या त्या दाणीत चांदी म्हणजे वरचा पातळ पत्रा.

आणखी एक गोष्ट त्या बाईंनी शिकवली. चमचा तोंडाजवळ धरून ‘हा’ असा श्वास टाकत वाफ सोडायची. वाफ विरता विरता पुसलेली अक्षरं क्षणभर उमटतात, जोडकामाची रेघही दिसते. एका काट्याच्या मागे मी वाफ सोडली आणि रिकाम्या जागी कुणाचा तरी एच वर आला आणि गेला. अंगावर काटा आला.

सुऱ्या सोडून ३३ नग १,२६० ग्रॅम भरले. तेव्हाच्या भावाने मोडीची किंमत साधारण ९३५ डॉलर, सुऱ्यांच्या मुठी वेगळ्या. मी मनाशी १,२०० ची हद्द ठरवली. लिलाव १९ मार्चला झाला, आमचा नंबर यायला तीन तास लागले, आणि बोली १,१५० वर थांबली. हात थरथरत होते. पण १,१५० म्हणजे १,१५० नव्हे. त्यावर लिलावगृहाचं २२ टक्के कमिशन, म्हणजे २५३. त्या बेरजेवर मॅसॅच्युसेट्सचा ६.२५ टक्के विक्रीकर, ८७.६९. एकूण १,४९०.६९ डॉलर. बोली लावायच्या आधी हा उलटा हिशेब कागदावर करून ठेवा, कारण हातोडा पडायच्या वेळी डोकं चालत नाही.

पेटी घरी आणून टेबलावर मांडली. काटे ८, सॅलडचे काटे ६, सुऱ्या ८, सूपचे चमचे ५, चहाचे ११, डाव ३. मोठ्या डावाच्या मागे कोरलं होतं: एम. सी. एच., जून १४, १९११. आहेराचा संच असणार, आपल्याकडे भांड्यांवर नाव आणि तारीख घालून घेतात तसाच. अकरा चमच्यांपैकी एक कडेने चावल्यासारखा झाला होता. सिंकमधल्या कचरा दळायच्या यंत्रात सापडला की असं होतं, आणि इथल्या जुन्या संचांत असा एखादा निघतोच. घरी ते यंत्र असेल तर चांदीची भांडी टबात वेगळी धुवा आणि टबातलं पाणी ओतण्याआधी मोजा.

उरलेल्या यादीत सॅलडचे दोन काटे, सूपचे तीन चमचे आणि चहाचे पाच. चावलेला सोडला तर चहाचे खरं सहा कमी होते, पण सहावा म्हणजे माझा पहिला, २२ डॉलरचा, तो होताच. सोपं वाटलं होतं. पण सूपचा चमचा म्हणून ऑनलाइन मागवला तो गोल तोंडाचा आला, माझे लांबट. गोलातही दोन मापं. परत पाठवला, टपालाचे पैसे गेले. त्यानंतर मी एकच नियम केला: फोटोत पट्टी ठेवून लांबी दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. जेवणाच्या काट्यांतही सात इंची आणि साडेसात इंची असे वेगवेगळे असतात, फोटोत जुळे दिसतात.

एप्रिलमध्ये रोड आयलंडमधल्या एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे गेले. दोन सुऱ्यांची पाती गंजली होती, एका काट्याचे दात वाकले होते. पातं बदलायला सुरीमागे ३८, दात सरळ करायला ४५, मिळून १२१ डॉलर. चावलेल्या चमच्याला त्याने हातात घेऊन मान हलवली. दुरुस्तीला किमतीच्या दुप्पट पैसे लागतील, मोडीत द्या, म्हणाला. मी दिला नाही. मग त्याने विचारलं, आद्याक्षरं काढून टाकायची का, भाव वाढेल. अक्षरं काढायची म्हणजे ती खोलवर गेली तेवढी सगळीकडची चांदी घासायची. नग त्या जागी पातळ होतो, वाकतो. ते कारण खरंच आहे. पण मला ती अक्षरं हवीच होती. एम. सी. एच. या बाईंनी १९११ च्या जूनमध्ये ही पेटी उघडली असेल. त्यांचं नाव पुसून मी कोणाचं घालणार होते? काम सहा आठवड्यांत देतो म्हणाला, अकरा लागले.

त्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली. एक दिवस मी कामावरून आले तर चहाचे चार चमचे ओट्यावर लखलखत होते. आईने टूथपेस्ट लावून घासले होते, माझ्यासाठी, दुपारभर बसून. मी काही बोलले नाही, पण तिने चेहरा वाचला. शँटिलीची वेलांटी दिसते ती खोबणीतल्या काळसर रेषेमुळे. पानाचा उंच भाग उजळ, खोल भाग काळा, म्हणून पान उठून दिसतं. ती शंभर वर्षांची काळी रेषा चार चमच्यांवरून गेली होती आणि दांड्यावर बारीक ओरखडे आले होते. आई म्हणाली, ‘‘अगं, आपल्याकडे रांगोळीनं घासतो, पेस्ट तर मऊ असते ना?’’ मग आम्ही दोघींनी बसून चांदीसाठीचं पॉलिश मऊ सुती फडक्यावर घेऊन उरलेले हळूहळू पुसले. बुडवून काढायचं द्रावण वापरू नका, ते खोबणीतलं काळंही खाऊन टाकतं. रबर बँडने कधीच बांधू नका. रबरातल्या गंधकाने काळा पट्टा पडतो आणि तो सहज जात नाही. अंड्याचंही तेच. मीठ लागलेलं तसंच राहिलं तर खड्डे पडतात. आणि रोज वापरलं तर खरं म्हणजे पॉलिश फारसं लागतच नाही. ते चार चमचे आता दीड वर्षाने पुन्हा खोबणीत काळसर होऊ लागलेत.

डिसेंबर २०२२ मध्ये हुपरीला गेले. भावाच्या मुलाचं उष्टावण होतं आणि इथल्या एका दुकानात मी पॉरिंजर हेरून ठेवला होता. तिकीट काढल्यावर कस्टमचे नियम वाचले. तेव्हाच्या २०१६ च्या बॅगेज नियमांत, दागिने सोडून कुठल्याही रूपातलं सोनं-चांदी ड्यूटीमाफीच्या सवलतीतून वगळलेलं होतं. म्हणजे वाटी असो वा चमचा, रेड चॅनेलला जाऊन जाहीर करायचं आणि ड्यूटी भरायची. नियम बदलत असतात, तुम्ही जाल तेव्हाचे वाचा, पण बॅगेत गुपचूप टाकू नका. मी पॉरिंजर घेतलाच नाही. बाळाची वाटी कोल्हापूरला गुजरीत घेतली, ते बरंच झालं. तिच्यावर त्याचं नाव तिथेच बसून घालून घेतलं.

मामाला मात्र फोनवरचे फोटो दाखवले. चाळीस वर्षं चांदीत घालवलेला माणूस. चष्मा वर सरकवून त्याने तो मोठा डाव बोटांनी मोठा करून पाहिला.

‘‘टंच?’’

‘‘साडेब्याण्णव.’’

‘‘ठशात दाबलंय, पण नंतर हातानं फिनिश केलंय बघ. कडा बघ की. घडणावळ काय धरली?’’

‘‘मामा, काही नाही. मोडीच्या भावातच मिळतं जवळजवळ.’’

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आणि नाही विकलं तर?’’

‘‘आटवतात.’’

जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली होती, टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी कोंडून ठेवली तेव्हा. मार्चच्या २७ तारखेला भाव कोसळला. पण त्या मधल्या काळात अमेरिकेतल्या घराघरांतून पेट्या बाहेर आल्या आणि किती संच भट्टीत गेले त्याची मोजदाद नाही. हे मी मामाला सांगितलं. तो काही बोलला नाही. निघताना एवढंच म्हणाला, ‘‘सगळं घिऊ नको. पण घेतलेलं आटवू नको.’’

२०२३ हे वर्ष वाट पाहण्यात गेलं. इस्टेट सेलला दुसऱ्या दिवशी भाव पाडतात हे खरं, पण चांदी पहिल्या तासात जाते, म्हणून त्यासाठी पहाटेच गेले. सूपचे तीन चमचे ५२, ४९ आणि ५५ ला मिळाले. चहाचे पाच मिळून १३५. सॅलडचा एक काटा ४८ ला लगेच, आणि शेवटचा सात महिने सापडेना. जुळणारे नग विकणारी मोठी दुकानं आहेत, उत्तर कॅरोलायनात ग्रीन्सबरोला रिप्लेसमेंट्स त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध, तिथे तो लगेच मिळाला असता. पण मला वाट पाहायची होती. ऑगस्टच्या १२ तारखेला टॉन्टनजवळ एका घराच्या गॅरेजमधल्या विक्रीत, मुलाम्याच्या ढिगात, ४४ डॉलरला मिळाला. टॉन्टन हे रीड अँड बार्टनचं गाव. चांदीकामासाठी नावाजलेली, १८२४ पासूनची ती कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. गॅरेजवाल्या आजोबांनी तिथे काम केलेलं. काटा कागदात गुंडाळताना त्यांनी अंगठ्याने कड एकदा चाचपली. कामगाराची सवय. मामा तसंच करतो.

आता कागदपत्रं. आमच्या घराच्या विम्यात चांदीच्या भांड्यांच्या चोरीला २,५०० डॉलरची मर्यादा होती. बऱ्याच पॉलिसींत हाच आकडा असतो, आपली काढून बघा. शिवाय चोरी नसेल, नुसताच चमचा उष्ट्याबरोबर कचऱ्यात गेला, तर काही नाही. वेगळी नोंद केली तर तेही येतं. सप्टेंबरमध्ये एजंटला फोन केला, त्याने लेखी मूल्यांकन मागितलं. मूल्यांकन करणारा निवडताना दोन गोष्टी पाहा: फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्केवारीत नसावी, आणि ज्याला तुमची चांदी विकत घ्यायची आहे त्याच्याकडून करून घेऊ नये. माझी फी २७५ डॉलर. भेटीची तारीख मिळायला पाच आठवडे, अहवाल यायला आणखी तीन.

नऊ पानी अहवालात किंमत ४,३०० डॉलर. पहिल्यांदा पाहून मी चकित झाले, मग नीट वाचलं. ही बदली किंमत, म्हणजे दुकानातून हाच संच पुन्हा घ्यायला लागतील तेवढे पैसे. विकायला गेले तर १,७०० च्या आसपास, असं मूल्यांकन करणाऱ्या बाईंनी तोंडी सांगितलं. दोन्ही आकडे खरे आहेत, कामं वेगळी. विम्याला पहिला द्यायचा; आपण श्रीमंत झालो असं मात्र त्यावरून समजायचं नाही.

अर्ज एकदा परत आला. ठशांचे फोटो स्वतंत्र नव्हते आणि अहवालातले क्रमांक माझ्या यादीशी जुळत नव्हते. एक अख्खा रविवार प्रत्येक नग काळ्या कापडावर ठेवून, पट्टी लावून, पुढून-मागून फोटो काढले. हे काम विकत घेतानाच करत गेला असतात तर बरं, असं एजंट म्हणाला, आणि ते अगदी बरोबर होतं. पावत्यांचेही फोटो काढा, थर्मल कागदावरची अक्षरं कालांतराने उडतात. १९ डिसेंबरला पत्र आलं: ५१ नग, वर्षाला ३१ डॉलर.

एकूण खर्च विचाराल तर मूल्यांकन, दुरुस्ती आणि टपालाच्या ४१ डॉलरसह २,३३३. तो १८४७ चा डबा धरला तर २,४१८. डबा ठेवलाय, शिकवायला उपयोगी पडतो.

मकर संक्रांतीला आठ माणसं जेवायला बोलावली. गुळाच्या पोळीला काटा लागत नाही, म्हणून मुद्दाम सार, मसालेभात, कोशिंबीर आणि श्रीखंड केलं. सॅलडच्या काट्याने कोशिंबीर छान खाता येते. मैत्रिणीच्या नऊ वर्षांच्या मुलीला मी वाफेची युक्ती दाखवली. जेवण होईपर्यंत तिने एकूण एक काट्यांवर हा करून पाहिलं आणि तो एच तिला सापडला. ‘‘मावशी, इथे कोणीतरी आहे,’’ म्हणाली.

पाहुणे गेल्यावर टबात कोमट पाणी, थोडा साबण, लगेच कोरडं पुसणं, ५१ मोजून गंधक अडवणाऱ्या कापडाच्या कप्प्यात. चावलेला बावन्नावा यादीत नाही. तो साखरेच्या डब्यात असतो, आणि सकाळच्या चहाला मी तोच वापरते.